मस्कतवरून आलेला ५५ इंची टीव्ही: पिक्चर झकास, बाकी सगळं अरबस्तानात

आधी मार्क देऊन टाकते. पिक्चरला पाचपैकी पाच, आवाजाला तीन, आणि ॲपं-बिपं, अपडेट, स्टोअर ह्या सगळ्या स्मार्ट प्रकरणाला दीड, तेही यूट्यूब आणि नेटफ्लिक्स चालतं म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही कारण ही भानगड थोड्याफार फरकाने सगळ्याच मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीत आहे, एकीला झोडून दुसरीकडे गेलात तर तिथेही हेच पुढ्यात येणार.

आमच्याकडे डिचोलीत हा टीव्ही भावजींनी आणला, चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी सुट्टीवर आले तेव्हा. गोव्यात ज्याच्या घरचं कोणी आखातात नाही असं घर शोधावं लागेल, त्यामुळे 'तिथला पीस' म्हटलं की अजूनही लोकांचे कान टवकारतात. पूर्वी त्यात अर्थ होता, इथे मिळायचंच नाही काही. आता काय आहे? २६ ऑगस्ट २०१३ पासून फ्लॅट पॅनेल टीव्ही ड्युटी फ्री सामानात धरत नाहीत, कितीही लहान असला तरी. तेव्हा ड्युटी सेस धरून ३६.०५ टक्के होती, २०१८ मध्ये सेसच्या जागी सरचार्ज लागून ३८.५ झाली. म्हणजे ४० हजारांचा टीव्ही धरला तर १५,४०० रुपये नुसते कस्टमच्या काउंटरवर मोजायचे. (दर बदलत राहतात, निघायच्या आधी ताजा बघून घ्या.) एवढे देऊन झाल्यावर इथल्या चवथीच्या सेलशी हिशोब लावला तर फायदा कुठे गेला ते भावजींनाही सांगता येईना, पण आणलाय प्रेमाने, तोंड कोण उघडणार.

खोका उघडला तर पहिली गंमत प्लगची. तीन चपटे जाड पाय, आत फ्यूज असलेला ब्रिटिश प्लग, ओमान, कुवेत, दुबई सगळीकडे तोच. इथल्या सॉकेटात जात नाही. काही लोक तो सरळ कापून इथला प्लग बसवतात, मी म्हणेन चांगल्यातला कन्व्हर्टर घ्या नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून नीट बदलून घ्या, पावसात इथे लाईट जशी ये-जा करते त्यात ढिला कन्व्हर्टर म्हणजे ठिणग्या. व्होल्टेजचं टेन्शन नव्हतं, तिथेही आपल्यासारखंच २२०-२४० आणि ५० हर्ट्झ.

मग टीव्ही चालू केला, भाषा विचारली. इंग्लिश, अरबी, फारसी, फ्रेंच वगैरे. हिंदी नाही, मराठी तर सोडाच. ठीक आहे, इंग्लिश लावलं. पुढच्या स्क्रीनवर देश निवडा म्हणाला आणि यादीत अमिरात, सौदी, इजिप्त, इराक, कुवेत, ओमान असं करत करत खालपर्यंत गेले, इंडिया नाहीच. वरून खाली, खालून वर, नाही. ओमान लावल्याशिवाय तो पुढेच जाईना, म्हणून ओमान लावलं, आणि त्या एका ओकेपासून पुढचं सगळं रामायण सुरू होतं.

संध्याकाळी आईंना, म्हणजे सासूबाईंना, स्टार प्रवाहच्या सिरियली लागतात. आता त्या जिओहॉटस्टारवर (हॉटस्टार आणि जिओसिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला एक झाले, ते). ॲप स्टोअरमध्ये टाइप केलं, नाही सापडलं. वेगळं स्पेलिंग टाकलं, नाही. पैसे भरलेले आहेत, मोबाइलवर चालतंय, वायफाय तेच, टीव्हीला मात्र असलं काही ॲप जगात आहे हेच माहीत नाही. उलट रिमोटवर 'शाहिद' नावाचं एक खास बटण, ते एमबीसी ह्या अरबी कंपनीचं ॲप आहे, आईंना वाटलं शाहिद कपूरचे पिक्चर लागतील, दाबलं तर अरबी मालिका. दोन दिवस त्याही बघितल्या त्यांनी, रडारड सारखीच असते म्हणाल्या.

घड्याळाचं तर विचारूच नका. देश ओमान म्हटल्यावर वेळ ओमानची, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास मागे. हाताने बरोबर करता येते, पण लाईट गेली की टीव्ही परत नेटवरून वेळ घेतो आणि परत मस्कतला जातो. जून-जुलैत डिचोलीत लाईट किती वेळा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आता हे असं का होतं, तर इथे लोक चार वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी करतात, मीही सगळीकडे विचारून विचारून मग सोडवली. एक म्हणजे टीव्हीच्या बोर्डात फॅक्टरीतच घातलेला रीजन. तो कोड सांगतो की हा टीव्ही कुठल्या बाजारासाठी बनला, आणि फर्मवेअर, म्हणजे टीव्हीच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, त्या रीजनचंच येतं. भाषा कुठल्या, देशांच्या यादीत कोण, ट्यूनर (अँटेना-छत्रीवरून चॅनेल पकडणारा भाग) कुठला, वायफायचे चॅनेल कुठले, हे सगळं तिथेच ठरून जातं. दुसरं म्हणजे सेटअपमध्ये आपण निवडतो तो देश, पण तो त्या रीजनच्या यादीतलाच असावा लागतो, यादीबाहेर उडी मारता येत नाही. तिसरं तुमचं अकाउंट. गूगल टीव्ही असेल तर प्ले स्टोअर तुमच्या गूगल अकाउंटच्या देशाकडे बघतं, आणि तो देश वर्षातून एकदाच बदलता येतो, त्यामुळे भावजींच्या ओमानच्या अकाउंटने लॉगिन केलं तर वेगळं दुकान आणि माझ्या इथल्या अकाउंटने वेगळं दुकान. आणि चौथं म्हणजे आयपी, तुम्ही आत्ता प्रत्यक्षात कुठून नेट वापरताय ते. नेटफ्लिक्स मुख्यतः ह्या चौथ्याकडे बघतं, म्हणून ते टीव्ही ओमानचा असूनही व्यवस्थित इंडियाचं दाखवतं.

हे कळलं की निम्मी डोकेदुखी कमी होते, कारण मग कोणी फसवू शकत नाही. फोंड्यातल्या एकाने आमच्या नात्यातल्या माणसाला वर्षाचं व्हीपीएन विकलं, 'टीव्ही इंडियाचा होऊन जाईल' म्हणून. अरे पण टीव्ही फोंड्यात आहे, नेट फोंड्यातलं आहे, आयपी आधीपासून इंडियाचीच आहे! व्हीपीएनने फक्त आयपी बदलते, ॲप स्टोअर जर बोर्डाच्या रीजनवर चालत असेल तर त्याला त्याचं काय सोयरसुतक. पैसे गेले ते गेलेच, वर नेटफ्लिक्स हळू झालं.

आता स्टिकर. टीव्हीच्या मागे, स्टँडच्या बाजूला पांढरा स्टिकर असतो, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव, आणि खरी माहिती त्या नावाच्या टोकाला असते. दुकानदार फक्त पुढची अक्षरं दाखवतात. सॅमसंगचं बघा, अमेरिकेचा टीव्ही यूएन ने सुरू होतो, युरोपचा यूई ने, आणि आपला यूए ने. क्यूएलईडी असेल तर तसंच क्यूएन, क्यूई, क्यूए. पण गोम अशी की आखाताचाही यूए नेच सुरू होतो! त्यामुळे पुढची अक्षरं बघून 'आमचोच तो' म्हणायचं नाही, शेपटी बघायची. इंडियाच्या शेपटीला शेवटी एक्सएल असतं, एक्सएक्सएल किंवा केएलएक्सएल वगैरे, दुबईच्या बाजूच्या पीसला यूएक्सझेडएन, इंग्लंडच्याला एक्सएक्सयू. एलजीत पण तेच, २०२१ चा सी-वन ओएलईडी घ्या, इथला पीटीझेड, आखातातला पीव्हीबी, अमेरिकेतला पीयूबी. मधला सगळा नंबर तोच, पॅनेल तोच, डबा तोच. सोनीचं पूर्वी अजून सोपं होतं, २०२० पर्यंत अमेरिकेच्या बहुतेक फोरके पीसवर एक्सबीआर आणि बाकीकडे केडी. आमच्या स्टिकरवर मेड इन इजिप्त आहे, ते वाचून घाबरले होते, पण त्यात काही विशेष नाही, आखाताच्या बाजारासाठीचे पुष्कळ टीव्ही तिथेच जोडतात.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. मॉडेल नंबर सांगितला तर सिस्टिममध्ये येत नाही म्हणाले, इंडियाचं बिल आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर बोलण्यातला रस गेला. त्यांना तरी काय बोलणार, वॉरंटी ज्या देशातली त्याच देशात, टीव्हीच्या बाबतीत हे गृहीतच धरा. मग कोणीतरी म्हणालं कंपनीच्या इंडियाच्या साइटवरून फर्मवेअर उतरवून पेन ड्राइव्हने घाल. करून बघितलं, मॉडेलचा मधला नंबर जुळणारी फाइल घेतली, पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, टीव्हीला लावला, अपडेट सापडलं नाही असा मेसेज. सापडणार कसं, फाइलला कंपनीची डिजिटल सही असते आणि टीव्ही आधी बघतो की ही माझ्या बोर्डासाठी आणि माझ्या रीजनसाठी आहे का, नसेल तर हातच लावत नाही. आणि हे बरंच आहे, नाहीतर अर्ध्या गोव्याचे टीव्ही एव्हाना बंद पडले असते.

मग म्हापशाला मार्केटजवळ एक टेक्निशियन आहे, आखातातून आलेलेच टीव्ही जास्त असतात त्याच्याकडे, त्याला घरी बोलावला. ह्या सगळ्या प्रकरणात कोणाला पूर्ण मार्क द्यायचे तर त्याला. आल्या आल्या त्याने टीव्ही चालूच केला नाही, मोबाइलची बॅटरी लावून मागे वाकला, स्टिकर वाचला आणि म्हणाला, "वयनी, हो पीस हांगाचो न्हय." मी म्हटलं ते कळलंय हो, बदलता येतो का सांगा. तेव्हा त्याने नीट समजावलं. प्रत्येक टीव्हीत एक सर्व्हिस मेन्यू असतो, रिमोटची ठरावीक बटणं दाबून नाहीतर सर्व्हिसच्या वेगळ्या रिमोटने उघडतो, नेटवर व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि काही जुन्या मॉडेलांत तिथे रीजन बदलून काम होतंही. पण त्याच मेन्यूत, दोन ओळी वर-खाली, पॅनेल कुठला आहे त्याची सेटिंगं असतात. एक आकडा चुकला तर चित्र उलटं, आरशातल्यासारखं, नाहीतर नुसत्या रेघा, आणि मग तोच मेन्यू वाचता येत नाही म्हणून परत सुधारताही येत नाही. त्याच्याकडे असे पीस येतात, 'बाबाने व्हिडिओ पळोवन केलो', म्हणजे पोराने व्हिडिओ बघून केलं, असं सांगत. नवीन मॉडेलांत तर रीजन बदलला तरी कंपनीचा सर्व्हर सिरियल नंबरवरून ओळखतो की हा पीस कुठला, आणि स्मार्ट भाग तसाच अडकून राहतो. सर्व्हर सिरियल नंबर बघतो हे काही हवेतलं नाही बरं का, २०२१ च्या जुलैत दक्षिण आफ्रिकेत दंगलीत सॅमसंगच्या गोदामातून टीव्ही लुटले गेले, तर कंपनीने ते नेटला जोडताच सर्व्हरवरून बंद पाडायची सोय वापरली, टीव्ही ब्लॉक म्हणतात तिला. म्हणजे तुमच्या हॉलमधला टीव्ही कोण आहे हे त्यांना बसल्या जागी कळतं.

उरला उपाय बोर्डच बदलायचा, त्याच पॅनेलला जुळणारा इंडियाचा मेन बोर्ड घालायचा. होतं म्हणाला, पण बोर्ड मिळायला हवा, मिळाला तर महाग, आणि चालू टीव्ही उघडायचा कशाला. "स्टिक घालात आनी सोडात," एवढं बोलून उठला. (स्टिक म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायची फायर स्टिकसारखी काडी, ॲपं मग टीव्हीऐवजी तिच्यावर चालतात.) व्हिजिटचे पैसेही कमीच घेतले. दुसरा कोणी असता तर टीव्ही दुकानात घेऊन गेला असता, चार दिवस ठेवला असता आणि सॉफ्टवेअर मारलं म्हणून दोन-तीन हजार काढले असते.

तर स्टिक घेतली, चार-पाच हजारांत येते, कुठल्याही कंपनीची घ्या, फक्त इथली आणि इथल्या अकाउंटवर चालणारी. स्टिकचं फर्मवेअर इंडियाचं, अकाउंट इंडियाचं, नेट इंडियाचं, तिन्ही जुळले की जिओहॉटस्टार, झी५, सगळं पहिल्या झटक्यात. फायर स्टिक कोणी आखातातून आणली असेल तर तीही चालेल, पण ॲमेझॉनच्या अकाउंटमध्ये जाऊन देश इंडिया करावा लागतो, नाहीतर परत तेच रडगाणं. लावताना दोन गोष्टी सांभाळा, ह्या कोणी सांगत नाही. स्टिकला करंट टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, बऱ्याच टीव्हींचा तो पोर्ट अर्धा अँपिअरच देतो, स्टिक मध्येच रीस्टार्ट होत राहते, सोबतचा ॲडॉप्टर भिंतीत लावा. आणि ज्या एचडीएमआय पोर्टला स्टिक आहे त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन अल्ट्रा एचडी कलर किंवा डीप कलर, जे काय तुमच्या कंपनीने नाव दिलंय ते, चालू करा, नाहीतर फोरके एचडीआरचे पैसे भरून साधंच चित्र बघत बसाल. आमच्याकडे हे चालू केल्यावर रंगात जो फरक पडला तो आईंनाही चष्म्याशिवाय कळला. टीव्हीच्या सेटिंगमधलं सीईसी (एचडीएमआयला जोडलेल्या वस्तू एकमेकांना चालवतात ती सोय) चालू ठेवलं तर एकाच रिमोटने दोन्ही चालतं. मग मी टीव्हीचं स्वतःचं वायफायच काढून टाकलं. अपडेट नको, जाहिराती नकोत, शाहिद नको. घड्याळ स्टिकवर बरोबर दिसतं.

बाकी एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी, आखातातल्या पीसमध्ये बहुतेक सॅटेलाइट ट्यूनर असतो कारण तिकडे घराघरावर नाईलसॅट-अरबसॅटची छत्री. इथे त्याच भोकात डीडी फ्री डिशच्या छत्रीची वायर लावून हाताने स्कॅन करा, उघडे असलेले चॅनेल बॉक्सशिवाय येतात. सेटिंगला जरा डोकं खाजवावं लागतं, यादीत आपला सॅटेलाइट नसतो, जीसॅट-१५ म्हणजे ९३.५ पूर्व हे स्वतः भरावं लागतं. आमच्या शेजारच्या काकांनी हे ऐकून त्यांच्या वरच्या खोलीतल्या जुन्या कुवेतच्या टीव्हीला लावलं, आता बॉक्सचा रिमोट कोणी हरवला म्हणून रोजची भांडणं नाहीत.

दुसऱ्या देशातल्या पीसांची तऱ्हा वेगळी, ओळखीत दोन आहेत म्हणून लिहिते. बार्देशात बरीच घरं इंग्लंडात स्विंडनला गेलीत, तिकडचा टीव्ही आला तर व्होल्टेज, प्लग सगळं आखातासारखंच, फक्त चालू केला की आधी फ्रीव्ह्यूचे, म्हणजे तिकडचे अँटेनावरचे फुकट, चॅनेल शोधत बसतो, बीबीसीचं ॲप पुढ्यात येतं, जे इथे उघडत नाही. त्याला स्किप करा, स्टिक लावा, झालं. अमेरिकेचा मात्र घेऊच नका. एका तारवट्याने, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याने, मायामीवरून आणला, त्याच्या स्टिकरवर सरळ १२० व्होल्ट लिहिलं होतं, म्हणजे इथे सॉकेटात घातला असता तर धूर. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला, तो घुंईं घुंईं करत बसतो. त्यानंतर वायफाय दिसेना, घरातले सगळे मोबाइल जोडलेले आणि टीव्हीला राउटरचं नावच दिसत नाही. कारण असं निघालं की अमेरिकेच्या रीजनचा टीव्ही २.४ गिगाहर्ट्झमध्ये फक्त १ ते ११ चॅनेल ऐकतो आणि राउटर आपलं आपण १३ वर जाऊन बसला होता, जे आपल्याकडे चालतं. राउटरमध्ये ६ नंबर फिक्स केला तेव्हा दिसायला लागलं. ट्यूनर एटीएससीचा, म्हणजे अमेरिकेच्या प्रसारणाच्या पद्धतीचा, इथे त्याचा काहीच उपयोग नाही.

तर घ्यावा का? घरचं कोणी प्रेमाने आणतंय तर आणू दे, नुसतं पॅनेल म्हणून बघा, त्यात स्टिकचे पैसे धरा आणि मग भाव ठरवा. मडगाव-म्हापशात किंवा ऑनलाइन ग्रुपवर 'दुबई पीस, ग्लोबल मॉडेल' म्हणून विकतात त्यांच्यापासून मात्र सांभाळून. ३० जुलै २०२० पासून कलर टीव्हीची आयात सरकारने रिस्ट्रिक्टेड केलीय, म्हणजे परवान्याशिवाय माल येत नाही, तेव्हा असा सुटा पीस म्हणजे कोणाच्या तरी बॅगेजमधून आलेला, बिल नाही, वॉरंटी नाही, आणि टीव्हीत ग्लोबल मॉडेल असला प्रकार मी तरी अजून स्टिकरवर बघितला नाही. घ्यायचाच असेल तर दुकानात उभं राहून आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट त्याला जोडा, स्टोअर उघडायला सांगा आणि जिओहॉटस्टार शोधा, मग टीव्ही फिरवून शेपटीची अक्षरं वाचा. एक्सएल किंवा इथल्या कंपनीच्या साइटवर असलेली शेपटी जुळली नाही तर इथल्या ऑनलाइन भावाच्या निम्म्यावर बोलायला सुरुवात करा. दुकानदार बडबडेल, बडबडू दे, सर्व्हिस सेंटरवाल्याने तुम्हाला उद्या जे ऐकवायचं आहे ते आज त्याला ऐकवा आणि अडीच हजार अजून खाली उतरवा.